मालक कोण होता, ते आधी सांगा

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं. आराखडा २०५०पर्यंतचा आणि ३,२६८ कोटींचा. त्याच वर्षी केंद्राच्या मदतीने गोरेगावच्या फिल्मसिटीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज उभी करण्याच्या कामालाही गती आली. तेव्हापासून या विषयावर चार माणसं बोलायला बसली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'इंडियागेम्स होती की आपल्याकडे. काय झालं तिचं?'

या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. ते साधारण असं: आपली पोरं हाताखाली काम करायला उत्तम, पण स्वतःचं काही घडवायची कल्पकता त्यांच्यात नाही. आपला ग्राहक गेमसाठी खिशात हात घालत नाही. एक मोठी कंपनी उभी राहिली, तिच्यामागे डिस्नेसारखं नाव आलं, तरी ती टिकली नाही. म्हणजे बाजाराने कौल दिला. मग गोरेगावात कोट्यवधी रुपये ओतून काय साधणार?

हे बोलणारे अडाणी नाहीत. त्यात गुंतवणूकदार आहेत, आयटीत हयात घालवलेले अधिकारी आहेत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ॲनिमेशनच्या खासगी क्लासमध्ये शिकवणारे काही शिक्षकही आहेत. बोरिवली-मुलुंडच्या घरांतून महिन्याचे हप्ते भरून ज्यांनी आपली मुलं या क्लासला पाठवली, त्यांच्या मुलांना पहिल्याच वर्षी हे ऐकवलं जातं. म्हणून याचं सविस्तर उत्तर द्यायला हवं. मला हे मत चुकीचं तर वाटतंच, शिवाय ज्यांनी ते काम केलं त्यांच्यावर अन्याय करणारंही वाटतं.

आधी घडलं काय ते पाहू. इंडियागेम्स १९९९ साली मुंबईत विशाल गोंडल यांनी सुरू केली. तेव्हा त्यांचं वय तेविशीच्या आसपास. घरोघरी कॉम्प्युटर नव्हते, इंटरनेट टेलिफोनच्या वायरीतून कुरकुरत यायचं, आणि गेम बनवणं हा व्यवसाय असू शकतो हे बँकेच्या मॅनेजरला पटवणं अशक्य होतं. कंपनीने वेबसाइटसाठी छोटे गेम केले, मग मोबाइल फोन रंगीत झाले तशी ती मोबाइलकडे वळली. पुढच्या काही वर्षांत स्पायडर-मॅन, गारफिल्ड यांच्या नावाचे मोबाइल गेम या कंपनीने केले. बायोशॉक हा कॉम्प्युटर आणि कन्सोलवरचा गाजलेला गेम साध्या फोनवर आणण्याचं कामही तिच्याकडे आलं. घरच्या कॉम्प्युटरवर महिन्याच्या वर्गणीत हवे ते गेम खेळा, ही सोय ब्रॉडबँड कंपन्यांमार्फत तिने आपल्याकडे आणली, तेव्हा वर्गणीवर सिनेमे पाहण्याची कल्पनाही इथे रुजली नव्हती.

आता मालकीचा हिशेब. २००४च्या अखेरीस बीजिंगच्या टॉम ऑनलाइनने कंपनीतला बहुसंख्य हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. २००७मध्ये रॉनी स्क्रूवाला यांची यूटीव्ही आली. २०१२च्या सुरुवातीला डिस्नेने यूटीव्ही पूर्णपणे ताब्यात घेतली, आणि इंडियागेम्सही त्या सौद्याच्या पोटात गेली. २०१३मध्ये गोंडल बाहेर पडले. २०१६मध्ये डिस्नेने भारतातला गेमचा विभाग गुंडाळला. सुरुवातीची पाच वर्षं सोडली तर पुढचा सगळा काळ या कंपनीचे निर्णय दुसऱ्या कोणाच्या तरी ताळेबंदावर अवलंबून होते. 'बाजाराचा कौल' म्हणणाऱ्यांनी ही तारीखवार यादी समोर ठेवून बोलावं.

कल्पकता नव्हती, हा पहिला आरोप. त्या काळातलं मोबाइल गेमचं काम नेमकं काय होतं हे माहीत नसल्यामुळेच तो करता येतो. अंधेरी, गोरेगाव, मालाडच्या औद्योगिक गाळ्यांत आणि नव्या काचेच्या इमारतींत तेव्हा असे अनेक लहानमोठे स्टुडिओ होते. अशा एका ठिकाणी पोर्टिंगच्या, म्हणजे एकच गेम वेगवेगळ्या फोनांवर बसवण्याच्या, टेबलाशी मी बराच वेळ बसलो आहे. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने मांडलेले हँडसेट, प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि पेनाने लिहिलेला नंबर. एक गेम तयार झाला म्हणजे काम संपलं असं नसायचं, तिथून ते सुरू व्हायचं. नोकियाच्या सिरीज ४० जातीच्या सुरुवातीच्या फोनांत अख्ख्या गेमला ६४ किलोबाइटची मर्यादा होती. आज व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा शुभेच्छांचा एक फोटो याहून जड असतो. तेवढ्यात चित्रं, आवाज, दहा-बारा लेव्हल, गुणांची पाटी आणि मदतीचं पान, सगळं बसवायचं. एका फोनचा पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, नोकिया ६६००चा १७६ बाय २०८चा. त्यामुळे हनुवटी कापली न जाता स्पायडर-मॅनचं डोकं दोन्हीकडे दिसावं म्हणून चित्र पुन्हा काढावं लागायचं, नुसतं लहान-मोठं करून भागायचं नाही. कळा तर आणखी तऱ्हेवाईक. पडद्याखालच्या डाव्या कळीचा नोकियात क्रमांक उणे ६, मोटोरोलात उणे २१. रिलायन्सच्या फोनवर एक प्रकारची जावा, टाटा इंडिकॉमच्या फोनवर जावाच नाही, तिथे ब्रू नावाची वेगळीच व्यवस्था. एका गेमच्या शेकडो आवृत्त्या निघायच्या, आणि त्यातली प्रत्येक आवृत्ती कोणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी खऱ्या फोनवर अंगठ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून तपासायची.

त्या टेबलावरच्या एका मुलाने मला एक गोष्ट दाखवली होती. मारामारीच्या गेममध्ये नायकाच्या उडी मारण्याच्या सहा चौकटी होत्या. जागा पुरत नव्हती म्हणून त्याने चार काढल्या, उरलेल्या दोन उलट्या-सुलट्या करून वापरल्या, आणि उडीचा वेग शेवटी किंचित कमी केला. डोळ्याला सहा चौकटींचाच भास व्हायचा. हे त्याला कोणत्या क्लासने शिकवलं नव्हतं. विरारची गाडी पकडून घरी जाणारा तो मुलगा होता. अशा माणसाला कल्पकता नाही म्हणायचं असेल तर कल्पकतेची व्याख्या तरी सांगावी.

'पण स्वतःची गोष्ट, स्वतःचं पात्र कुठे होतं?' असं पुढे विचारलं जातं. हा प्रश्न रास्त आहे. त्या काळातले पुष्कळ देशी गेम सिनेमाच्या नावावर किंवा क्रिकेटवर निघाले, आणि त्यातले बरेचसे घाईत केलेले, सुमार होते. सिनेमा शुक्रवारी लागणार म्हणून गेमही शुक्रवारीच हवा, मग हातात असलेल्या मोजक्या आठवड्यांत जुन्याच गेमला नव्या नायकाचा चेहरा लावायचा. हे झालं आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ते का झालं? तेव्हा गेम विकण्याची जागा एकच होती: मोबाइल कंपनीच्या मेन्यूतलं पान, ज्याला धंद्यात डेक म्हणायचे. ग्राहकाच्या त्या लहानशा पडद्यावर चार-पाच नावं दिसायची. खालच्या नावांपर्यंत कोणी पोचायचंच नाही. वरच्या ओळीत कोणाला बसवायचं हे मोबाइल कंपनी ठरवायची, आणि तिला ओळखीचं नाव हवं असायचं: शाहरुख, क्रिकेट, स्पायडर-मॅन. ओळखीचं नाव म्हणजे लायसन्स. लायसन्सचे पैसे गेम निघण्याआधी मोजायचे, आणि करार संपला की गेम बाजारातून काढून घ्यायचा. म्हणजे ज्याने गेम केला त्याच्याकडे शेवटी ना पात्र राहायचं, ना नाव, ना पुन्हा विकण्याचा हक्क. दुसऱ्याच्या नावावर घर बांधायला लावायचं आणि नंतर तुला स्वतःचं घर का नाही म्हणून हिणवायचं, असा हा प्रकार आहे.

'भारतीय ग्राहक पैसे देत नाही' हे दुसरं विधान तर मला निखालस खोटं वाटतं. त्या दिवसांत एका मोबाइल गेमची किंमत साधारण पन्नास ते नव्याण्णव रुपये असायची. प्रीपेड बॅलन्सवर जगणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी ते दिले. घाटकोपर स्टेशनबाहेर रिचार्जची कुपनं घ्यायला लागलेल्या रांगेत अशी मुलं उभी असायची. त्यांच्या खिशातून निघालेल्या पैशाचा मोठा वाटा मोबाइल कंपनीकडे थांबायचा, त्यातून मधल्या पुरवठादाराचा हिस्सा जायचा, लायसन्स देणाऱ्याचा जायचा, आणि उरलेलं गेम करणाऱ्यापर्यंत पोचायचं. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने १९९९मध्ये आय-मोड सुरू केलं तेव्हा वसुलीची सोय फोन कंपनीची, पण तिने स्वतःकडे ठेवलेला वाटा सुमारे नऊ टक्के. बाकीचा पैसा मजकूर आणि गेम करणाऱ्यांना. तिथे छोट्या स्टुडिओंचं रान फुललं. आपल्याकडे वाटणी जवळजवळ उलटी होती. ग्राहक तोच, अंगठा तोच, फरक वाटणीत होता.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की ग्राहकाचा विश्वास मोडला तो गेमवाल्यांनी नव्हे. न मागता सेवा सुरू करायची, रोज बॅलन्समधून पैसे कापायचे, बंद करायला गेलं तर नंबर लागायचा नाही, हा अनुभव प्रत्येक घरात होता. तक्रारी इतक्या झाल्या की ट्रायने जुलै २०१३मध्ये प्रत्येक सेवेसाठी ग्राहकाची दोनदा संमती घ्यायची सक्ती केली. नियम योग्यच होता, आणि फार आधी यायला हवा होता. पण तोवर 'फोनवर काही घ्यायचं नाही, पैसे जातात' ही शिकवण आईबापांनी मुलांना देऊन झाली होती. मग स्मार्टफोन पसरले, तर ॲप स्टोअरमध्ये पैसे भरायला क्रेडिट कार्ड लागायचं. ते किती जणांकडे होतं? गूगल प्लेवर भारतात ॲपची किमान किंमत पन्नास रुपये होती, ती दहावर आली २०१५च्या मध्याला. रस्त्यात एवढे खड्डे ठेवायचे आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानदाराला नावं ठेवायची, हा न्याय नाही.

आणि आता २०१६कडे पाहा. एप्रिलमध्ये यूपीआय आलं. सप्टेंबरच्या पाच तारखेला जिओ सुरू झालं. स्वस्त इंटरनेट आणि दहा रुपयेही सहज देता येण्याची सोय, ज्या दोन गोष्टींसाठी इथल्या प्रत्येक गेम स्टुडिओने पंधरा वर्षं वाट पाहिली, त्या एकाच वर्षी दारात आल्या. डिस्नेने आपला गेमचा विभाग मिटवला तोही याच वर्षी. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. लोकलच्या डब्यात पबजीच्या टीम जमल्या. सप्टेंबर २०२०मध्ये त्यावर बंदी आली, तर जुलै २०२१मध्ये कोरियाच्या क्राफ्टनने नव्या नावाने तोच गेम परत आणला आणि भारतीय मुलांनी त्यात पोशाख, बंदुकांची रंगरंगोटी विकत घेतली, स्वतःच्या पैशाने. बाजार नव्हता म्हणून स्टुडिओ बंद झाला, हे म्हणणं या तारखांपुढे टिकत नाही. बाजार उंबऱ्यावर असताना मालक निघून गेला.

मालक का गेला? तिसऱ्या युक्तिवादाचं, म्हणजे 'डिस्नेसारख्या कंपनीलाही इथे जमलं नाही' याचं उत्तर इथेच आहे. डिस्नेला इथेच जमलं नाही असं नाही. व्हँकुव्हरचा प्रोपगंडा स्टुडिओ तिने २०११मध्ये बंद केला. त्याच वर्षी ब्रायटनचा ब्लॅक रॉक. जानेवारी २०१३मध्ये ऑस्टिनचा जंक्शन पॉइंट, जिथे वॉरेन स्पेक्टरसारखा नामवंत डिझायनर मिकी माउसवर गेम करत होता. एप्रिल २०१३मध्ये लुकासआर्ट्समधली गेमची निर्मिती, जिचा इतिहास १९८२पर्यंत मागे जातो. मे २०१६मध्ये डिस्ने इन्फिनिटी ही सगळी मालिकाच थांबवली, सॉल्ट लेक सिटीचा ॲव्हलांच स्टुडिओ बंद केला, १४.७ कोटी डॉलरचा भुर्दंड पुस्तकात दाखवला, आणि यापुढे आम्ही स्वतः कन्सोलचे गेम न काढता फक्त आमच्या पात्रांची लायसन्स देऊ असं जाहीर केलं. मुंबईतलं काम थांबलं ते याच वर्षी. कॅनडा, इंग्लंड, टेक्सास, कॅलिफोर्निया, युटा इथल्या माणसांनाही कल्पकता नव्हती का? त्यांच्या बाबतीत कोणी असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे कंपनीचं धोरण बदललं असं म्हणतात. इथे मात्र पोरांची लायकी काढतात.

सिनेमाचंही बघा. २०१६च्या ऑगस्टमध्ये डिस्नेच्या यूटीव्हीचा 'मोहेंजो दारो' पडला आणि डिस्नेने हिंदी चित्रपटांच्या निर्मितीतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तिच्याच नावावर 'दंगल' लागला आणि देशातच नव्हे तर पुढे चीनमध्येही त्याने विक्रम केले. मोठ्या कंपनीचा बाहेर पडण्याचा निर्णय आणि इथल्या माणसांची कुवत यांचा संबंध किती कच्चा असतो, याला याहून ठळक पुरावा नको. यूटीव्हीचं कार्यालय अंधेरी पूर्वेला चकाल्यात होतं, पण निर्णय डिस्नेच्या मुख्यालयात, बरबँकला व्हायचे.

ॲव्हलांचची कहाणी इथे थांबून सांगायला हवी. मे २०१६मध्ये कुलूप लागलेला तो स्टुडिओ जानेवारी २०१७मध्ये वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतला. कारण तिथे घेण्यासारखं काही शिल्लक होतं: गेम बांधायची हत्यारं, एकत्र काम केलेली माणसं, पुन्हा दार उघडता येईल अशी जागा. त्याच लोकांनी २०२३च्या फेब्रुवारीत 'हॉगवर्ट्स लेगसी' काढला आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या सव्वा कोटीच्या आसपास प्रती खपल्या. बंद पडलेल्या स्टुडिओचं असंही होऊ शकतं. मुंबईत तसं झालं नाही, कारण विकत घेण्यासारखं जे होतं ते सगळं दुसऱ्याच्या नावावर होतं. पात्रं मार्व्हलची, सिनेमे निर्मात्यांचे, कोड मालकाचा. माणसं होती, ती वेगवेगळ्या नोकऱ्यांत विखुरली, आणि ज्यांना बाहेरदेशी बोलावणं आलं ती गेली.

'पण संस्थापकाने चांगल्या किमतीला विकली, मग तक्रार कसली?' असंही विचारतात. गोंडल यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तारण ठेवायला जमीन नाही, यंत्र नाही, अशा धंद्याला तेव्हा कोणती बँक उभी करणार होती? भांडवल हवं तर हिस्सा विकणं हाच मार्ग होता, आणि त्या पैशातूनच शेकड्याने माणसांना काम मिळालं. ती विक्री त्यांच्यासाठी योग्य होती. पण एका माणसाचा योग्य सौदा म्हणजे एका क्षेत्राचं यश नव्हे, आणि ज्यांनी पोर्टिंगच्या टेबलावर रात्री काढल्या त्यांच्या हाती त्या कामाचा कायमचा हक्क म्हणून काहीच आलं नाही. या दोन गोष्टी एकत्र करून 'चांगलं झालं' म्हणणं मला मान्य नाही.

आता मुंबईत पैसा नाही असंही नाही. इंडियागेम्सच्याच काळात सुरू झालेली मुंबईचीच नझारा ही गेम कंपनी टिकली, मार्च २०२१मध्ये शेअर बाजारात आली, नितीश मित्तरसेन यांनी ती चिकाटीने चालवली. या कंपनीने २०२४मध्ये लंडनचा फ्यूजबॉक्स हा गेम स्टुडिओ विकत घेतला. त्याच वर्षी पोकरबाझी या पैसे लावून खेळायच्या पोकरच्या कंपनीत ८०० कोटींहून अधिक रकमेला हिस्सा घेतला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि तो धंदा एका आठवड्यात थांबला. कायदेशीर मार्गाने केलेली गुंतवणूक होती, त्यात गैर काही नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की पोकरसाठी शेकडो कोटी उभे राहतात, लंडनच्या स्टुडिओसाठी उभे राहतात, आणि मालाडच्या गाळ्यात सात-आठ जणांनी स्वतःचं पात्र घेऊन चालवलेल्या गेमला दीड वर्षाचा पगार पुरवायला कोणी मिळत नाही. याला कल्पकतेचा दुष्काळ म्हणता येणार नाही.

पुण्याचा दाखला तर अजून ताजा आहे. नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने 'राजी' या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर पैसे मागितले. रक्कम जमली नाही. तरीही त्यांनी तो पुरा केला, २०२०मध्ये बाजारात आणला, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या गेम पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनांत तो जाऊन बसला. राजस्थानी वास्तूची सावली, पुराणातली दैवतं, भावाला शोधणारी मुलगी: सगळं यांचं स्वतःचं. दुसरीकडे क्रिकेटचा गेम करणारी पुण्याचीच नॉटिलस मोबाइल, वर्षानुवर्षं टिकून लाखो खेळाडू जमवलेली. तिचा नियंत्रक हिस्सा २०२५मध्ये क्राफ्टनने घेतला. मालकी पुन्हा परदेशी गेली. दहा वर्षांनी सोलमध्ये कोणी धोरण बदललं, तर पुण्यातल्या माणसांनाही 'तुम्हाला जमलं नाही' असंच ऐकावं लागेल.

टीकाकारांचा आवडता पुरावा मात्र वेगळा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. सप्टेंबर २०२०मध्ये युबीसॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती जाहीर केली. काम पुणे आणि मुंबईच्या शाखांकडे होतं. पहिली झलक जुनाट दिसली, जगभरातून टर उडाली, प्रकाशन लांबलं, आणि मे २०२२मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. 'बघा, मोठं काम दिलं तर काय झालं', असं तेव्हापासून म्हटलं जातं. झलक कमकुवत होती, यात वाद नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही. माँट्रियल हा मूळ २००३च्या गेमचा जन्मदाता स्टुडिओ. तिथे काम पुन्हा पायापासून सुरू झालं, वर्षांमागून वर्षं गेली, आणि जानेवारी २०२६मध्ये युबीसॉफ्टने तो गेम रद्द केला. जे काम मूळ कर्त्यांच्या घरीही तडीस गेलं नाही, ते पुण्या-मुंबईच्या मुलांच्या नालायकीचा पुरावा म्हणून किती दिवस वापरणार?

अंधेरीला हा इतिहास नवीन नाही. १९७३मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं तेव्हापासून इथे बनलेली वस्तू बाहेरच्या ऑर्डरवर बनते आणि बाहेरच्या नावाने विकली जाते. इलेक्ट्रॉनिक्स गेलं, दागिने आले, सॉफ्टवेअर आलं. ऱ्हिदम अँड ह्यूजचा मुंबईतला स्टुडिओ हॉलीवूडच्या सिनेमांसाठी काम करत होता. फेब्रुवारी २०१३मध्ये याच कंपनीने काम केलेल्या 'लाइफ ऑफ पाय'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, आणि त्याच महिन्यात अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली. मुंबईच्या कलाकारांनी काय चुकवलं होतं? काहीच नाही. त्यांनी काम उत्तम केलं होतं.

म्हणूनच नव्या धोरणाबद्दल माझी भीती टीकाकारांपेक्षा वेगळी आहे. पैसा वाया जाईल कारण पोरं नालायक आहेत, असं त्यांना वाटतं. मला भीती वाटते ती अशी की पैसा मुलांना उत्तम शिकवण्यात जाईल, मोठमोठ्या विदेशी कंपन्यांबरोबर सामंजस्य करार होतील, काचेच्या इमारती भाड्याने जातील, आणि तयार झालेली हुशार माणसं पुन्हा दुसऱ्याच्या पात्राचे केस आणि कपड्याच्या घड्या रंगवतील. रोजगार मिळेल, तो मिळालाच पाहिजे. पण पुढच्या मंदीत परक्या शहरातून ईमेल आला की पुन्हा सगळं उठेल.

यावरचा मार्ग सरकारला माहीत नाही असं नाही. मराठी चित्रपटांना आपण वर्षानुवर्षं अनुदान देतो. अ दर्जाच्या चित्रपटाला ४० लाख, ब दर्जाला ३०. त्या पद्धतीत दोष आहेत, परीक्षण समित्यांवर वाद झाले आहेत, पण एक गोष्ट तिने नीट सांभाळली आहे: पैसे घेतल्यावरही चित्रपट निर्मात्याचाच राहतो. या आधारावर कितीतरी नवे दिग्दर्शक पहिला सिनेमा पुरा करू शकले. ब्रिटनमध्ये २०१५पासून यूके गेम्स फंड छोट्या स्टुडिओंना नमुना तयार करण्यापुरतं अनुदान देतो, तेही याच तत्त्वावर. मग मराठी गेमसाठी अशी योजना का नको? मराठीत बोलणारा, मराठीत खेळता येणारा चांगला गेम आजही शोधावा लागतो. दशावताराचा रंगमंच, सह्याद्रीचे घाट, गिरणगावाचे भोंगे, कोकण रेल्वेचे बोगदे यांवर गेम करू शकणारी मुलं डोंबिवलीत आणि भांडुपमध्ये बसली आहेत. त्यांना वर्षभराचा पगार आणि एक परवडणारा गाळा हवा आहे.

धोरणाच्या अंमलबजावणीचे नियम लिहिणाऱ्यांनी काही गोष्टी आत्ताच लिहून घ्याव्यात. सरकारी मदत मिळालेल्या गेमचे हक्क ठरावीक वर्षं ते करणाऱ्या स्टुडिओकडेच राहतील. परदेशी कंपनीला सवलतीच्या दरात जागा दिली तर तिच्या इथल्या कामाचा काही भाग स्थानिक स्टुडिओच्या स्वतःच्या निर्मितीत भागीदारी म्हणून असेल. लायसन्सवर केलेल्या कामात पात्र परत जाईल, पण ते चालवणारी हत्यारं आणि मूळ कोड बनवणाऱ्यांकडे राहील. कंपनी विकली गेली आणि नव्या मालकाने दोन वर्षांच्या आत इथलं काम बंद केलं, तर कर्मचाऱ्यांच्या गटाला ते गेम परत विकत घेण्याचा पहिला अधिकार असेल. यातलं काहीही अशक्य नाही, वकिलांनी एका आठवड्यात मसुदा करावा इतकं साधं आहे.

आणि एक मागणी पुण्याशी संबंधित आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये तिथे स्थापन झालं, म्हणून आज आपल्याला जुने चित्रपट पाहता येतात. जे त्याआधी हरवले ते हरवलेच. १९९९पासून मुंबईत बनलेले शेकडो गेम आज कुठेही खेळता येत नाहीत. ज्या फोनांवर ते चालायचे ते फोन भंगारात गेले, कोड ज्या सर्व्हरवर होता तो बंद झाला. ज्यांच्या कपाटात अजून एखादी सीडी, एखादी जुनी हार्ड डिस्क, चिकटपट्टी लावलेला एखादा नोकिया शिल्लक आहे, त्यांच्याकडून ते या वर्षी गोळा करायला एक माणूस आणि एक खोली द्यावी, आणि यापुढे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने आपल्या गेमची चालणारी प्रत आणि मूळ कोड त्या खोलीत जमा करावा, कंपनी गुंडाळण्याच्या कागदांवर सही होण्याच्या कितीतरी आधी.